भेग गेली कुठे?
(इमारतींच्या फोटोंवर एडिटिंगचे काही प्रयोग)



सिनियर मंडळींना आठवत असेल, दोन वर्षांपूर्वी आपल्या अंकाच्या मुखपृष्ठावर हॉस्टेलच्या इमारतीचा फोटो होता. निळंशार आभाळ, सरळ उभ्या कडा आणि एकही डाग नसलेली भिंत. "हे आपलंच हॉस्टेल आहे काय बे?" असं मेसमध्ये पोरं एकमेकांना विचारत होती. फोटो मी काढला होता आणि एडिटिंगही माझंच होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या एका खिडकीच्या कोपऱ्यातून खाली तिरपी गेलेली भेग आणि तिच्या बाजूचा ओलीचा डाग मी वीस मिनिटांत पुसून टाकला होता. तेव्हा मी फर्स्ट इयरला होतो आणि त्या वीस मिनिटांचा मला फार अभिमान होता.

त्या भेगेचं पुढे काय झालं ते लेखाच्या शेवटी सांगतो. आधी थोडा अभ्यास करू. कंटाळू नका, गणित आठवीच्या पुढचं नाही.

फोटो म्हणजे आकड्यांचा तक्ता

डिजिटल फोटो म्हणजे आकड्यांचा एक मोठा तक्ता असतो. तक्त्याच्या प्रत्येक घराला पिक्सेल म्हणतात. कृष्णधवल फोटोत प्रत्येक घरात ० ते २५५ मधला एक आकडा असतो. ० म्हणजे काळाकुट्ट आणि २५५ म्हणजे पांढराशुभ्र. रंगीत फोटोत एका घरात तीन आकडे असतात: लाल, हिरवा आणि निळा.

१९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श या इंजिनियरनं आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो स्कॅन करून कॉम्प्युटरमध्ये घातला. तो तक्ता होता १७६ × १७६ घरांचा, म्हणजे सगळे मिळून ३०,९७६ पिक्सेल. आज आपल्या खिशातल्या १२ मेगापिक्सेलच्या मोबाईलमध्ये एका फोटोत १ कोटी २० लाख पिक्सेल असतात. घरं वाढली, पण कल्पना तीच राहिली.

१९९० साली फोटोशॉप बाजारात आलं. १९९५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात शिकणाऱ्या दोन विद्यार्थ्यांनी 'गिम्प' लिहायला घेतलं. ते आजही फुकट मिळतं, त्यामुळे हॉस्टेलच्या बजेटमध्ये बसतं. खालचे बहुतेक प्रयोग गिम्पमध्ये होतात, काही मोबाईलवरच्या साध्या ॲपमध्येही होतात.

कुठलाही इफेक्ट घ्या, त्याला एकच प्रश्न विचारायचा: "बाबा रे, तू आकड्यांचं नेमकं काय केलंस?" या प्रश्नाच्या उत्तरावरून सगळ्या इफेक्टचे चार गट पडतात.

प्रयोगाला इमारती कोणत्या?

"आधुनिक वास्तुकला पाहायची तर चंदीगडला जा, मुंबईला जा. वर्ध्यात काय ठेवलंय?" असं रूममेट म्हणाला. मी त्याला एका रविवारी पहाटे सायकलवर बसवून नेलं.

वर्ध्यात गोपुरीला गीताई मंदिर आहे, १९८० सालचं. त्याला छप्पर नाही. उघड्या आभाळाखाली दगडी शिळा उभ्या केल्या आहेत आणि त्यांवर विनोबांची 'गीताई' कोरली आहे, पूर्ण १८ अध्याय. छप्पर नसलेली इमारत ही कल्पना कुठल्याही नव्या आर्किटेक्टला हेवा वाटावा अशीच आहे. शेजारीच विश्वशांती स्तूप आहे, १९९३ सालचा. पांढराशुभ्र घुमट आणि सोनेरी बुद्धमूर्ती. १९९७ साली स्थापन झालेल्या हिंदी विश्वविद्यालयाच्या नव्या इमारती आहेत.

आणि सेवाग्राम आहेच. गांधीजी तिथं राहायला आले ते १९३६ मध्ये. त्याच साली अमेरिकेत फ्रँक लॉईड राईटचं धबधब्यावरचं प्रसिद्ध घर, 'फॉलिंगवॉटर', बांधलं जात होतं. सेवाग्रामची कुटी माती, बांबू, लाकूड आणि कवेलूची. पण कमीत कमी साहित्यात माणसाच्या गरजेपुरतं बांधायचं, हा विचार काळाच्या मागचा नव्हता. १९७८ च्या जानेवारीत इव्हान इलिच हे विचारवंत सेवाग्रामला आले तेव्हा त्यांनी या झोपडीवरच भाषण केलं होतं. म्हणून माझ्या यादीत कुटीही आहे.

गट पहिला : घर तेच, आकडा बदलला

ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, कर्व्ह, ब्लॅक अँड व्हाईट हे सगळे या गटातले. प्रत्येक पिक्सेल आपल्या जागेवरच राहतो, फक्त त्याचा आकडा एका ठरलेल्या सूत्रानं बदलतो. सगळ्या घरांना सूत्र एकच.

प्रयोग १. स्तूपाचा फोटो काढा. पांढऱ्या इमारतीपुढे कॅमेरा गोंधळतो, कारण त्याचा उजेड मोजण्याचा हिशेब सरासरी राखाडी रंग धरून केलेला असतो. त्यामुळे पांढरा घुमट मळकट येतो. मग आपण ब्राइटनेस वाढवतो. आता गंमत पाहा. घुमटावर शेजारी शेजारी दोन पिक्सेल आहेत, २४० आणि २५०. हा फरक म्हणजेच घुमटाची गोलाई. दोन्हींत ३० मिळवले तर उत्तर येतं २७० आणि २८०. पण २५५ च्या वर जागाच नाही! दोन्ही २५५ होतात. आता चूक सुधारायला ३० वजा करा. दोन्ही २२५. आधी दहाचा फरक होता, तो गेला. फोटो सेव्ह केला असेल तर तो कायमचा गेला. घुमटाची गोलाई जाऊन पांढरा कागद कापून चिकटवल्यासारखा दिसतो.

यावर उपाय असा की फोटो काढतानाच सकाळी आठच्या आत काढा, थोडा अंडर काढा आणि एडिटिंग करताना हिस्टोग्राम उघडा ठेवा. हिस्टोग्राम उजव्या भिंतीला जाऊन चिकटला की हात थांबवायचा. वर्ध्याच्या मे महिन्यात दुपारी बाराला स्तूपाचा फोटो काढाल तर तुम्हीही पांढरे व्हाल आणि फोटोही.

प्रयोग २. सेवाग्रामच्या कुटीचा फोटो बाहेरून काढा, तिथल्या माणसांना विचारून. आता तो ब्लॅक अँड व्हाईट करू. नेहमीचं सूत्र असं आहे:

राखाडी = ०.२९९ × लाल + ०.५८७ × हिरवा + ०.११४ × निळा

आपला डोळा हिरव्याला जास्त आणि निळ्याला कमी दाद देतो, म्हणून हे असे गुणक. माझ्या फोटोतल्या कवेलूचे आकडे साधारण १८०, ९५, ६० असे होते आणि आभाळाचे ११०, १६०, २१५. सूत्रात घातले तर कवेलू ११६ आणि आभाळ १५१ येतं, म्हणजे छप्पर काळपट आणि आभाळ फिकट. आता सूत्र सोडून फक्त लाल आकडा घ्या. कवेलू १८०, आभाळ ११०. सगळं उलटलं! छप्पर उजळलं आणि आभाळ गंभीर झालं. एकाच क्षणाचे, एकाच कॅमेऱ्याचे दोन फोटो, पण एकात झोपडी दबलेली दिसते आणि दुसऱ्यात ती आभाळासमोर उठून दिसते.

यातलं खरं कोणतं? दोन्ही. दोन्हीत कुटीतली एकही गोष्ट लपवलेली नाही. फक्त कशाकडे पाहायचं ते आपण ठरवलं. पण रंग आणि कॉन्ट्रास्ट पार टोकाला नेऊन मी त्याच फोटोची तिसरी आवृत्ती केली, तेव्हा सारवलेली मातीची भिंत तांब्याच्या पत्र्यासारखी चमकायला लागली. रूममेट म्हणाला, "हे तर हायवेवरचं रिसॉर्ट दिसून राहिलं." त्याचं बरोबर होतं. आकडे खरे असूनही सांगणं चुकू शकतं, हे मला त्या दिवशी समजलं.

गट दुसरा : शेजाऱ्यांना विचारून आकडा बदलला

शार्पन, ब्लर आणि एज डिटेक्शन हे या गटात येतात. इथं एका घराचा नवा आकडा ठरवताना आजूबाजूच्या घरांचाही विचार होतो. डिजिटल इमेज प्रोसेसिंगच्या पेपरात 'कन्व्होल्यूशन' नावानं घाबरवतात ते हेच.

प्रयोग ३. गीताई मंदिरातल्या एका शिळेचा फोटो काढा. ऊन तिरपं हवं, म्हणजे कोरलेल्या अक्षरांत सावली पडते. त्यावर हा ३ × ३ चा शार्पन तक्ता लावू:

० −१ ०
−१ ५ −१
० −१ ०

अर्थ सोपा आहे. स्वतःच्या आकड्याला ५ नं गुणायचं आणि वर, खाली, डावीकडे, उजवीकडे असलेले चार आकडे वजा करायचे. समजा अक्षराची सावली १०० आहे आणि दगड १६०. सपाट जागी, म्हणजे सगळे शेजारी १०० असतील तिथं, उत्तर ५०० − ४०० = १००, काहीच बदललं नाही. पण कडेवर? सावलीच्या बाजूच्या पिक्सेलला तीन शेजारी १०० चे आणि एक १६० चा. ५०० − ४६० = ४०. दगडाच्या बाजूला: ८०० − ५८० = २२०. आधी कडेवर फरक होता ६० चा, आता झाला १८० चा. म्हणूनच अक्षर एकदम कोरून काढल्यासारखं दिसतं.

पण हा ४० आणि हा २२० दगडावर कुठेही नव्हता. तो हिशेबातून आला. इफेक्ट एकदा लावला तर वाचायला मदत होते. चारदा लावला तर प्रत्येक अक्षराभोवती पांढरी झालर येते आणि दगडाचे बारीक ठिपकेसुद्धा अक्षरासारखे उठून दिसतात. माझ्या फोटोत एका शब्दावर चक्क अनुस्वार आला! मला वाटलं, कोरणाऱ्यानं दिला असेल. पुढच्या रविवारी परत जाऊन शिळेसमोर उभा राहिलो. तिथं नुसता दगडाचा एक खवला निघालेला होता. मराठीत एका टिंबानं अर्थ बदलतो हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. जुने शिलालेख फोटोवरून वाचणाऱ्यांना किती सांभाळून राहावं लागत असेल याची कल्पना करा.

गट तिसरा : घरांची जागाच बदलली

खालून वर कॅमेरा धरून उंच इमारतीचा फोटो काढला की इमारत मागे कललेली दिसते आणि दोन्ही कडा वर जाऊन जवळ येतात. ती सरळ करण्यासाठी 'पर्स्पेक्टिव्ह' नावाचं टूल असतं.

प्रयोग ४. कुठलीही तीनचार मजली इमारत घ्या, विश्वविद्यालयाची घ्या किंवा आपली लायब्ररी घ्या. दर्शनी भिंतीचे चार कोपरे धरून ते आयताच्या चार कोपऱ्यांवर ओढा. चार कोपरे म्हणजे आठ आकडे, आणि या रूपांतरात अज्ञातही आठच असतात. म्हणून चार बिंदू बरोबर पुरतात. एम-थ्रीचा पेपर देताना हे कोणी सांगितलं असतं तर मॅट्रिक्सवर प्रेम बसलं असतं.

या गटात फायदा मोठा आहे. भिंत सरळ झाली आणि तिच्यावरची एक लांबी माहीत असेल, उदाहरणार्थ खिडकीची उंची, तर त्याच सपाट भिंतीवरची बाकीची मापं फोटोवरून काढता येतात. १८५८ साली जर्मनीत आल्ब्रेख्त मायडेनबाउअर नावाचा तरुण वेट्झलरच्या कॅथेड्रलची मापं घेताना उंचावरून पडता पडता वाचला. एवढा जीव धोक्यात घालण्यापेक्षा मापं फोटोवरूनच का घेऊ नयेत, या विचारानं तो कामाला लागला आणि त्यातून फोटोग्रामेट्री हे शास्त्र उभं राहिलं. सिव्हिलवाल्यांना हे नाव सर्व्हेच्या पुस्तकात भेटतंच.

तोटा असा की वरचा भाग ताणला जातो. दोन पिक्सेलमध्ये जिथं रिकामी जागा पडते तिथं कॉम्प्युटर शेजाऱ्यांची सरासरी काढून भरतो. शिवाय पुढे आलेली बाल्कनी, मागे असलेलं झाड हे भिंतीच्या पातळीत नसतात, त्यामुळे त्यांची मापं धरून चालत नाहीत.

गट चौथा : दुसऱ्याचा आकडा आणून बसवला

क्लोन स्टॅम्प, हीलिंग ब्रश आणि आता एआयवर चालणारे 'नको ते पुसा, हवं ते भरा' छापाचे टूल. पहिल्या तीन गटांत प्रत्येक घराचा नवा आकडा त्याच्या स्वतःच्या किंवा शेजारच्या आकड्यांवरून, एका नियमानं ठरत होता. इथं एका जागेचं झाकून तिथं दुसऱ्या जागेचं चिकटवलं जातं. एआयच्या बाबतीत तर जे चिकटवलं ते त्या भिंतीवर कुठेच नसतं. अशा लाखो भिंती पाहून त्यानं अंदाजानं केलेली ती भिंत असते.

हे काही कॉम्प्युटरनं शिकवलं नाही. चंदीगडची आखणी करणारे ल कार्बुझिए यांनी १९२१ साली आपल्या मासिकात स्वतःच्याच व्हिला श्वोब या स्वित्झर्लंडमधल्या घराचे फोटो छापले. छापण्यापूर्वी त्यांवर एअरब्रश फिरवून अंगणातला मांडव, झुडपं, वेली, एवढंच काय कुत्र्याचं घरसुद्धा गायब केलं होतं. का? आपली नवी वास्तुकला शुद्ध, कोरी आणि भौमितिक दिसावी म्हणून. इतका मोठा माणूस, पण आपल्या इमारतीला वेल चढलेली त्यालाही सहन झाली नाही!

तेव्हा माझ्यासारख्या फर्स्ट इयरच्या पोराची काय कथा?

आता त्या भेगेची गोष्ट

मी क्लोन स्टॅम्पनं शेजारची स्वच्छ भिंत उचलली आणि भेगेवर चिकटवली. कंट्रोल एस दाबलं. त्याच फाईलवर, त्याच नावानं. मूळ फोटो तिथंच संपला.

पुढच्या जुलैत पाऊस लागला आणि त्या खोलीत पाणी यायला लागलं. सिव्हिलचे सर पाहायला आले. भेग आता खालच्या खिडकीपर्यंत आलेली दिसत होती. सरांनी मला बोलावलं.

"तू काढला होता ना रे मागच्या वर्षी फोटो? आण बरं तो. तेव्हा भेग कुठपर्यंत होती ते पाहू."

मी लॅपटॉप नेला. सर स्क्रीनकडे पाहत राहिले.

"यात तर भेगच नाही."

"सर, ती मी... काढून टाकली."

"आणि मूळ फोटो?"

मी काही बोललो नाही. सरही रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त समजावून सांगितलं. भेगा दोन प्रकारच्या असतात. एक मेलेली, म्हणजे कधीतरी पडली आणि तिथंच थांबली. ती भरून टाकली की झालं. दुसरी जिवंत, म्हणजे अजून वाढत असलेली. ती नुसती भरली तर पुन्हा उघडते, कारण मूळ दुखणं पायात किंवा तुळईत असतं. कोणती ते ओळखायला जुनी स्थिती माहीत लागते. वर्षापूर्वीचा एक साधा, न सजवलेला फोटो असता तर भेग वाढली की नाही ते त्याच दिवशी कळलं असतं.

तो नव्हता, म्हणून सरांनी भेगेवर आडवी काचेची पट्टी घट्ट बसवली आणि तारीख लिहिली. भेग हलली तर काच तडकते. तोवर वाट पाहायची. धोका नको म्हणून ती खोली रिकामी केली आणि तिघा पोरांच्या गाद्या कॉमन रूममध्ये आल्या. त्यांचा मिड-सेमचा अभ्यास टीव्हीच्या आवाजात झाला. पाचव्या आठवड्यात काच तडकली. भेग जिवंत होती. मग खालून आधार दिला गेला आणि पाऊस संपल्यावर नीट दुरुस्ती झाली. कुणाला काही झालं नाही, हे आपलं नशीब.

त्या तिघांतला एक आज माझा रूममेट आहे. तो अजूनही म्हणतो, "फोटो मस्तच होता बे. पण आम्ही आत झोपत होतो ना!"

तर काय करायचं?

एडिटिंग सोडा असं मी मुळीच म्हणत नाही. मी स्वतः सोडलेलं नाही. फक्त काही सवयी लावून घेतल्या आहेत.

१. कॅमेऱ्यातून निघालेली फाईल हात न लावता वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायची. काम नेहमी कॉपीवर, वेगळ्या नावानं. गिम्पमध्ये लेयर वापरले की मागे फिरता येतं.

२. जेपीईजी पुन्हा पुन्हा सेव्ह करू नका. ही पद्धत फोटोचे ८ × ८ पिक्सेलचे तुकडे करून बारीक तपशील टाकून देते. बदल करून सेव्ह करत गेलात तर दर वेळी थोडं आणखी जातं. मधलं काम गिम्पच्याच फॉरमॅटमध्ये ठेवा.

३. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर तो लहान होतो आणि त्यातली तारीख-वेळेची नोंदही निघून जाते. नोंद म्हणून पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

४. चौथ्या गटातलं काही केलं असेल तर फोटोखाली एक ओळ लिहा: "विजेच्या तारा काढून टाकल्या आहेत." एवढं लिहिल्यानं फोटोची शोभा कमी होत नाही.

५. इमारतीच्या अंगावरची गोष्ट पुसू नका. उडत आलेली पिशवी, मध्ये आलेली सायकल पुसली तर इमारतीबद्दल काही खोटं सांगितलं जात नाही. भेग, ओल, गंज, पोपडे हे इमारतीचं बोलणं आहे. आपण इंजिनियर होणार आहोत, आपण तरी ते ऐकलं पाहिजे.

आता एक गृहपाठ. आपापल्या खोलीतली एखादी भेग शोधा (सापडेलच!). तिच्या शेजारी स्टीलची पट्टी धरा आणि दर महिन्याच्या एक तारखेला त्याच जागेवरून फोटो काढा. वर्षाचे बारा फोटो होतील. कुठलाही इफेक्ट लावू नका. हवं तर पर्स्पेक्टिव्ह सरळ करा, पण कॉपीवर!

यंदाच्या अंकासाठी हॉस्टेलचा फोटो पुन्हा मीच काढला आहे. उजेड थोडा वाढवला, कडा सरळ केल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीखाली दुरुस्तीच्या सिमेंटची एक तिरपी रेघ दिसते. ती तशीच ठेवली आहे. नीट पाहा, सापडेल.

प्रयोग करताना कुणाला अडलं तर मी संध्याकाळी साडेपाचनंतर कॉम्प्युटर लॅबमध्ये असतो. जरूर या. येताना मूळ फोटो घेऊन या म्हणजे झालं!